फोडणीचं तेल, डोक्याचं तेल आणि आमचा ट्रेडमार्क

आमचा लाकडी घाण्याचा छोटा व्यवसाय आहे, सातारा जिल्ह्यात. शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरं. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई अशी दोघींची भागीदारी. पहिली बाटली ऑक्टोबर २०१७ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर विकली. ब्रँडचं नाव या लेखात येणार नाही, कारण नंतर झालेल्या समेटाच्या कागदावर दोन्ही बाजूंनी तसं कबूल केलंय. तो समेट कशाचा, ते पुढे येईल.

फेब्रुवारी २०२२ ला आम्ही ट्रेडमार्कचा, म्हणजे ब्रँडचं नाव आपल्या मालकीचं म्हणून नोंदवण्याचा, अर्ज केला आणि जानेवारी २०२४ ला नक्कल करणाऱ्याबरोबर समेटावर सह्या झाल्या. या काळात मी मराठीत सलग माहिती शोधत होते. मिळायची ती एक तर एजंटांची जाहिरात, नाही तर कायद्याची कलमं. म्हणून आमचं कसं झालं ते क्रमाने लिहितेय.

सुरुवात शोधापासून. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर आधीचे मार्क शोधता येतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. शब्द टाकायचा, वर्ग टाकायचा, यादी येते. उच्चारावरून शोधण्याची सोयही तिथेच आहे आणि मराठी नावांसाठी तीच जास्त कामाची. आपला शब्द रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो, त्यामुळे एकच स्पेलिंग टाकून ‘कुणीच नाही’ म्हणून निर्धास्त होऊ नका. आमच्या नावाच्या जवळपास जाणारी दोन नावं निघाली. एक दुधाच्या पदार्थांचं, एक लोणच्याचं. तेलवाला कुणी नव्हता.

मग वकीलबाई गाठल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, “ताई, तुमचं खोबरेल फोडणीला की डोक्याला?” मला वाटलं गंमत करताहेत. पण नोंदणी वर्गवार होते. एकूण ४५ वर्ग, त्यातले पहिले ३४ वस्तूंचे आणि पुढचे ११ सेवांचे. खाद्यतेल २९ व्या वर्गात येतं, केसांचं तेल ३ ऱ्या वर्गात. घाण्यातून निघणारी पेंड जनावरांच्या खाद्यासाठी विकायची तर तो ३१ वा वर्ग. प्रत्येक वर्गाची फी वेगळी. पेंड आम्ही गोणीतून नाव न घालता विकतो, ती सोडली. २९ आणि ३ घेतले.

फीचं गणित असं. व्यक्तीच्या नावाने, स्टार्टअपच्या किंवा लघुउद्योगाच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर वर्गाला ४,५०० रुपये. बाकीच्यांना ९,०००. कागदावर अर्ज नेऊन दिला तर ५,००० आणि १०,०००. आमची भागीदारी संस्था, म्हणजे एरवी ९,००० च्या रकान्यात. पण उद्यम नोंदणीचं, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडलं की ४,५००. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. वकीलबाईंची फी वर्गाला ४,००० होती.

अर्जाचा नमुना टीएम-ए. एकाच अर्जात दोन वर्ग घालता येतात, तरी आम्ही दोन वेगळे अर्ज केले. एकत्र अर्जात एका वर्गावर हरकत आली की दुसराही तिच्यापायी खोळंबतो. याचा आम्हाला पुढे फायदा झाला. नावात ‘लाकडी घाणा’ हे शब्द घालायचे नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. ते मालाचं वर्णन झालं, ते कुणा एकाच्या मालकीचं होत नाही आणि ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची हरकत हमखास येते. ‘शुद्ध’, ‘घरगुती’, गावाचं नाव, सगळ्याला हेच लागू. आमचा मूळ शब्द तीन अक्षरी आहे, सासूबाईंच्या माहेरच्या गावावरून फिरवून केलेला, त्याला स्वतःचा असा अर्थ नाही. तेवढाच शब्द साध्या अक्षरांत भरला. चित्र-बित्र नाही. साध्या अक्षरांतला शब्द नोंदवला की तो कुठल्याही वळणात लिहिला तरी आपलाच राहतो.

आता ज्यात सगळ्यात जास्त वेळ गेला ते. अर्जात विचारतात, हे नाव केव्हापासून वापरताय? ‘पुढे वापरणार आहोत’ असं लिहिलं तर पुरावा लागत नाही. पण ऑक्टोबर २०१७ पासून म्हटलं की प्रतिज्ञापत्र आणि त्याबरोबर कागद जोडावे लागतात. दोन दिवस आम्ही दोघी माळ्यावरची खोकी उपसत होतो. वकीलबाईंची अट एकच, कागदावर तारीख हवी आणि ब्रँडचं नाव हवं. इथे गोची आहे. लहान धंद्यांच्या बिलावर मालाचं नाव असतं, ‘शेंगदाणा तेल ५ लि.’ वगैरे, ब्रँडचं नसतं. आम्हाला तारलं ते लेबलं छापून देणाऱ्याच्या बिलाने. त्याने बिलात आमचं नाव, लेबलांचा आकार आणि नग, सगळं लिहिलं होतं आणि तारीख सप्टेंबर २०१७ ची. त्याच्या जोडीला बचत गटांच्या प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, त्या स्टॉलच्या बॅनरचे फोटो आणि फेसबुक पानावरच्या जुन्या पोस्ट. धंदा आजच सुरू करत असाल तर बिलावर ब्रँडचं नाव छापून घ्या आणि छपाईवाल्याचं बिल जपून ठेवा. त्याची किंमत काय ते पुढे कळेल.

अर्ज गेला त्या दिवशीच नंबर मिळाला. तेव्हापासून नावापुढे ‘टीएम’ लिहिता येतं. लेबलवाला म्हणाला, “ताई, गोलातला आरच टाकून देऊ का, भारी दिसतो.” नाही. तो गोलातला आर नोंदणी झाल्यावरच, त्याआधी लावणं कलम १०७ प्रमाणे बेकायदा आहे.

एप्रिलमध्ये पोर्टलवर आमच्या अर्जासमोर ‘ऑब्जेक्टेड’ दिसलं आणि पोटात गोळा आला. जाऊबाई म्हणाल्या, गेले पैसे. वकीलबाईंना मात्र काहीच वाटलं नाही. परीक्षकाने शंका काढल्या आहेत एवढाच त्याचा अर्थ, आणि शंका बहुतेक अर्जांवर निघतात. कुणी तिसऱ्याने विरोध केला तर ‘ऑपोज्ड’ येतं, ते वेगळं आणि जड. परीक्षण अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तराला सरकारी फी नाही. अहवाल ईमेलवर येतो, तो स्पॅममध्येही जाऊन बसतो, म्हणून आठवड्यातून एकदा पोर्टलवर स्थिती बघायची सवय लावून घ्या. उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिल्यात जमा होतो.

दोन्ही अर्जांवर हरकत कलम ११ ची होती, म्हणजे आधीच्या मार्कशी साम्य. ३ ऱ्या वर्गात एका साबणाचं नाव पुढे केलं होतं, तिथे लेखी उत्तरावर काम भागलं. २९ व्या वर्गात तीच दोन नावं, दुधाचे पदार्थ आणि लोणचं. आमचं म्हणणं असं की शब्द पूर्ण वाचला तर उच्चार वेगळा, माल वेगळा, आणि एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचा घोटाळा झालेला नाही. त्यावर सुनावणी लागली, पण तब्बल डिसेंबर २०२२ मध्ये. मधले महिने नुसते थांबायचे. या काळात करण्यासारखं काही नसतं आणि ‘वरून फाइल हलवून देतो’ असं सांगणारे फोन मात्र येतात. अर्जातला पत्ता सगळ्यांना दिसतो, त्यातून ते येतात.

सुनावणी व्हिडिओवर. मुंबईला अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जावं लागेल म्हणून मी मनाची तयारी केली होती, महाराष्ट्राचे अर्ज तिथल्याच कार्यालयाकडे असतात. पण वकीलबाईंच्या ऑफिसात त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. आमचा नंबर यायला वेळ लागला, बोलणं पाच-सात मिनिटांत आटोपलं. अधिकाऱ्यांनी वापराचे कागद कुठल्या पानावर आहेत ते विचारलं, छपाईचं बिल बघितलं आणि पुढचा नंबर पुकारला. मला वाटलं काहीतरी बिनसलं. आठवड्याभरात अर्ज स्वीकारल्याचं दिसलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं. हे जर्नल दर आठवड्याला पोर्टलवर निघतं. प्रसिद्धीपासून चार महिने कुणालाही विरोध करता येतो, त्याचा अर्ज टीएम-ओ, ऑनलाइन फी २,७०० रुपये. विरोध आलाच तर त्याची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिउत्तर द्यावंच लागतं, नाहीतर आपला अर्ज आपोआप गेला. आम्हाला विरोध आला नाही. आलं ते परदेशी पत्त्याचं एक दिमाखदार पत्र. त्यावर आमचा अर्ज क्रमांक, नाव, वर्ग सगळं बरोबर, आणि ‘आंतरराष्ट्रीय नोंदवही’त नाव घालण्यासाठी डॉलरमध्ये रक्कम. वरवर पाहता सरकारीच वाटावं असं. फाडून टाकलं. असं पत्र तुम्हालाही येईल.

याच चार महिन्यांत, एप्रिलच्या शेवटी, कराडहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. “वहिनी, या खेपेच्या तेलाला खवट वास येतोय.” मी बॅच नंबर विचारला. तो आमच्या पद्धतीचा नव्हता. फोटो मागवला. पिवळं लेबल, हिरवं झाकण, बैल जुंपलेल्या घाण्याचं चित्र. आणि नाव? आमच्याच शब्दातल्या मधल्या अक्षराची वेलांटी काढून तिथे उकार दिलेला. लांबून मलाही ते आमचंच वाटलं. खाली छापलेला पत्ता शेजारच्या जिल्ह्यातला.

जाऊबाईंनी लगेच व्हॉट्सअॅपवर टाकायला मजकूर तयार केला, ‘नक्कल करणाऱ्यांपासून सावध’, फोटो आणि समोरच्याच्या नावासकट. वकीलबाईंनी तो पाठवू दिला नाही. ट्रेडमार्क कायद्यातच कलम १४२ आहे. बिनबुडाची धमकी दिली असं समोरच्याने दाखवलं तर तोच आपल्यावर दावा लावू शकतो. शिवाय तेव्हा आमची नोंदणी पुरी झाली नव्हती, आणि नोंदणी नसलेल्या मार्कसाठी उल्लंघनाचा दावा लावता येत नाही, असं कलम २७ म्हणतं. मार्ग असतो तो ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे माझ्या नावलौकिकावर हा आपला माल खपवतोय असा दावा. त्यात बाजारात आपलं नाव आहे हे आधी आपणच सिद्ध करायचं, मग गिऱ्हाइकाची फसगत, मग नुकसान. खर्च जास्त, कागद जास्त. जूनअखेर चार महिने संपत होते. वकीलबाईंचा सल्ला पडला की तोवर पुरावे गोळा करा, नोंदणी हातात येऊ द्या.

मी विचारलं, मग आणखी एक वर्ष थांबलो तर काय बिघडतं? त्यावर त्यांनी अमृतधाराचा खटला सांगितला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न होता, ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही औषधांची नावं सारखी आहेत का? न्यायालयाने सांगितलं, दोन बाटल्या शेजारी ठेवून अक्षरं मोजायची नाहीत. साध्या माणसाला नाव अर्धवट आठवत असतं, त्याचा गोंधळ होईल का ते बघायचं. आणि होईल, असं ठरलं. पण अमृतधारावाल्यांना दुसऱ्याचा वापर ठाऊक असून ते वर्षानुवर्षं गप्प बसले होते, म्हणून लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळालीच. जाऊबाई म्हणाल्या, म्हणजे दोन महिने चालतील, दोन वर्षं नाही. अगदी बरोबर, असं वकीलबाई म्हणाल्या.

पुरावे म्हणजे काय केलं? दुकानातून ती बाटली पक्क्या बिलावर विकत घेतली. एक नाही, वेगवेगळ्या गावांतून. बिलावर त्या मालाचं नाव लिहून घेतलं, बाटल्या न उघडता ठेवल्या. कराडच्या गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या तक्रारी, फोटो तसेच जपले. दुकानदाराशी हुज्जत घालायची नाही, तो तर दोघांचाही माल ठेवतो.

जुलै २०२३ मध्ये प्रमाणपत्र आलं. टपालाने नाही, पीडीएफ. त्यावरचं नाव, पत्ता, मालाचं वर्णन नीट वाचून घ्या, चूक असली तर दुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा लागतो. महत्त्वाची गोष्ट अशी की नोंदणी प्रमाणपत्राच्या तारखेपासून नाही, अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे आमची फेब्रुवारी २०२२ पासून, दहा वर्षांसाठी. नूतनीकरणाची ऑनलाइन फी सध्या वर्गाला ९,००० आहे, ती २०३२ मध्ये. आणि नोंदवलेलं नाव सलग पाच वर्षं वापरलंच नाही, तर त्या नोंदणीची झळ बसणारा कुणीही ते काढून टाकायची मागणी करू शकतो.

ऑगस्टमध्ये रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली, तिचे ५,००० रुपये पडले. महिन्याभराने समोरच्या वकिलाचं उत्तर आलं. ते वाचून मात्र रात्री झोप लागली नाही. ‘आमचे अशील २०१६ पासून हेच नाव वापरत आहेत.’ सोबत ऑगस्ट २०१६ च्या बिलांच्या झेरॉक्स. कलम ३४ प्रमाणे आपल्या आधीपासून सतत वापर करणाऱ्याला नोंदणीच्या जोरावरही थांबवता येत नाही. ते कागद खरे असते तर आमचं प्रमाणपत्र त्यांच्यापुढे निरुपयोगी होतं.

वकीलबाईंच्या टेबलावर ती बिलं पसरली होती. जाऊबाई हिशेब बघतात, त्यांची नजर आकड्यांवर जाते. त्या एवढंच म्हणाल्या, “यावर जीएसटी नंबर कसा?” बिलाच्या डोक्यावर २७ ने सुरू होणारा, आकडे आणि अक्षरं मिळून पंधरा खुणांचा जीएसटी नंबर छापलेला होता. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. ऑगस्ट २०१६ च्या बिलावर तो येणार कुठून? वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एकेक बिल परत बघितलं. सगळ्यांवर होता. मग त्यांनी बाटलीवरचा अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी नंबर वाचायला लावला. त्यातला चौथा आणि पाचवा आकडा परवान्याचं वर्ष दाखवतो. तिथे २२ होतं. एकट्या परवान्यावर काही ठरत नाही, तो जुना संपून नवा घेतलेला असू शकतो, असंही त्या म्हणाल्या.

पुढे दोन रस्ते होते. तातडीचा मनाई हुकूम मागत थेट जिल्हा न्यायालयात जायचं, ट्रेडमार्कचा दावा त्याखालच्या न्यायालयात चालत नाही. आपला धंदा जिथे आहे तिथल्या न्यायालयात तो लावता येतो, ही सोय कलम १३४ ने दिली आहे. किंवा आधी मध्यस्थी. व्यापारी दाव्यांत तातडीची मागणी नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीचीच आहे. त्या बिलांनंतर समोरचा बोलायला येईल असा वकीलबाईंचा अंदाज होता, म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिला. अर्जाची फी १,००० रुपये. तीन ते दहा लाखांच्या दाव्यासाठी मध्यस्थीचे १५,०००, ते दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याची वाट मोकळी होते.

प्राधिकरणाच्या पहिल्या नोटिशीला कुणी आलं नाही. दुसऱ्या नोटिशीनंतर, डिसेंबरमध्ये, आले. माझ्या डोळ्यांसमोर कुणी बेरकी माणूस होता. आला तो आमच्याच वयाचा, कर्ज काढून घाणा टाकलेला गृहस्थ. बिलांचा विषय मध्यस्थांनी त्यांच्याशी स्वतंत्र खोलीत काढला. काय बोलणं झालं ते आम्हाला कळत नाही, तिथे ते गोपनीय असतं. बाहेर आल्यावर २०१६ चा उल्लेख पुन्हा निघाला नाही. भांडण उरलं ते मुदतीचं. त्यांच्याकडे छापलेली लेबलं पडून होती, त्यांना सहा महिने हवे होते. जाऊबाई पंधरा दिवसांवर अडून बसल्या. शेवटी ४५ दिवसांवर जमलं.

समेटात ठरलं ते असं: ते नाव आणि त्याच्यासारखा ऐकू येणारा शब्द वापरायचा नाही, त्याच्या नोंदणीचा अर्ज करायचा नाही, उरलेली लेबलं आणि छपाईच्या फाइली आमच्या ताब्यात द्यायच्या, झाकणाचा हिरवा रंग राहू द्यायचा पण लेबलाचा पिवळा बदलायचा. नुकसानभरपाई आम्ही मागितली नाही, खर्चापोटी २०,००० घेतले. हे बरोबर केलं की नाही यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. अशा समेटाला लवादाच्या निवाड्याइतकंच वजन असतं, त्यामुळे मोडला तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. नोंदणी, उत्तरं, सुनावणी, नोटीस, मध्यस्थी आणि वकीलबाईंची फी धरून आमचे पन्नास हजारांच्या थोडे वर गेले होते, त्यातून हे वीस वजा करा.

मार्चमध्ये एका दुकानात त्यांची जुनी बाटली फळीवर दिसली. दुकानदाराचा शिल्लक माल होता, वकीलबाईंच्या एका पत्रावर मिटलं.

लेबलाच्या चित्राचा वेगळा अर्ज आता केलाय, कारण शब्दाच्या नोंदणीत बैल आणि घाणा येत नाहीत. चित्राची प्रत आठ बाय आठ सेंटिमीटरच्या आत लागते. आम्ही काळ्या-पांढऱ्यात दिली. रंग सांगितला नाही तर नोंदणी सगळ्या रंगांसाठी धरतात, उद्या लेबलाचा रंग बदलला तरी चालतं. सध्या त्याच्यासमोर ‘व्हिएन्ना कोडिफिकेशन’ला पाठवल्याचं दिसतंय. चित्रात काय काय आहे त्याचे सांकेतिक आकडे टाकायचं हे काम कार्यालयाचंच असतं, त्यासाठी आपण काही भरायचं नाही की कुणाला फोन करायचा नाही.